श्रम व व्यायाम करताना येणारे पेटके : कारणे, प्रतिबंध आणि प्रथमोपचार

शारीरिक श्रम, व्यायाम अथवा खेळ चालू असताना, किंवा तो संपल्यानंतर थोड्याच वेळात, एखादा स्नायू आपल्या इच्छेविना एकाएकी आखडतो, दगडासारखा कठीण होतो आणि तीव्र वेदना होतात. यास पेटके येणे असे म्हणतात. पायात गोळा येणे, वांब येणे ही त्याचीच बोलीभाषेतील नावे होत. पोटरी, मांडीची मागील व पुढील बाजू आणि तळपाय या ठिकाणी पेटके अधिक येतात. कोयता, फावडे किंवा घण चालविणाऱ्यांच्या हातांत व पोटाच्या स्नायूंतही ते येऊ शकतात. बहुतेक वेळा काही सेकंदांत वा काही मिनिटांत स्नायू सैल होतो; दुखरेपणा मात्र एक-दोन दिवस टिकतो.

हा त्रास सहसा धोकादायक नसतो आणि पुष्कळ अंशी टाळता येतो. तथापि विहिरीत वा नदीत पोहताना आलेले पेटके जीवावर बेतू शकतात, भर उन्हात काम करताना आलेले पेटके हे शरीर तापत असल्याची पहिली खूण असू शकतात, आणि पेटके समजून दुर्लक्षिलेली पायाची वेदना कधी कधी निराळ्याच आजाराची असते. त्यामुळे पेटके कसे टाळावेत याबरोबरच कोणत्या पेटक्यांकडे दुर्लक्ष करू नये, हेही प्रत्येक घरात माहीत असावयास हवे.

स्नायू का आखडतो?

पेटके म्हणजे अंगातील पाणी व मीठ कमी होणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही, परंतु अपुरी आहे. या समजुतीला इतिहासही आहे. इंग्लंडमधील कोळशाच्या खोल व उष्ण खाणींत काम करणाऱ्या कामगारांना तीव्र पेटके येत असत. घामाने गेलेल्या पाण्याची भरपाई ते केवळ साध्या पाण्याने करीत. पाण्यात थोडे मीठ घातल्यास त्यांचा त्रास कमी होतो, असे १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून दिसून आले. तेव्हापासून पेटके आणि मीठ यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसली.

पुढे दूर अंतराच्या शर्यती धावणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी होऊ लागली, तेव्हा चित्र काहीसे निराळे दिसले. पेटके आलेले धावपटू आणि पेटके न आलेले धावपटू यांच्या शरीरातील पाणी व क्षार यांच्या प्रमाणात म्हणण्याजोगा फरक आढळेना. शिवाय, सर्वांगातील मीठ कमी झाले असेल तर एकाच पायाची एकच पोटरी का आखडावी, याचेही उत्तर मिळेना. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९९७ साली यावर एक वेगळे स्पष्टीकरण मांडले, आणि आज ते व्यायामातील बहुसंख्य पेटक्यांना लागू पडते असे मानले जाते.

ते थोडक्यात असे. प्रत्येक स्नायूमधून मज्जारज्जूकडे सतत दोन प्रकारचे संदेश जात असतात. स्नायूच्या आतील सूक्ष्म संवेदक ‘आकुंचन पाव’ या आज्ञेला बळ देतात, तर स्नायू ज्या कंडरेने हाडाला जोडलेला असतो त्या कंडरेतील संवेदक ‘पुरे, आता सैल हो’ असा संदेश पाठवितात. एरवी या दोहोंत तोल असतो. स्नायू त्याच्या सवयीपलीकडे थकला की पहिला संदेश बळावतो, दुसरा क्षीण होतो आणि स्नायू आखडलेलाच राहतो. आधीच आखूड स्थितीत असलेला स्नायू आणखी आकुंचित केला, तर हे अधिक सहज घडते. पोहताना पायाची बोटे मागे ताणलेली असतात, पोटरी आखूड झालेली असते. म्हणून पोहणाऱ्याची पोटरी वारंवार धरते. आखडलेला स्नायू हळूच ताणला की आराम का पडतो, हेही यावरून कळते. ताणामुळे कंडरेतील संवेदक पुन्हा जागे होतात व स्नायूला सैल होण्याचा संदेश मिळतो.

व्यवहारात मात्र दोन प्रकार ओळखून ठेवणे उपयोगाचे आहे. पहिला प्रकार थकव्याचा : ज्या स्नायूवर भार पडला तोच आखडतो, बहुधा शर्यतीच्या, सामन्याच्या किंवा कामाच्या शेवटच्या टप्प्यात, आणि ताण दिल्यावर सुटतो. दुसरा प्रकार उष्म्याचा : तासन्‌तास घाम गाळल्यानंतर एका स्नायूतून दुसऱ्यात, पायातून पोटात वा हातात असे फिरते पेटके येतात, कित्येकदा काम संपवून विश्रांती घेताना किंवा संध्याकाळी अंघोळीच्या वेळी ते सुरू होतात. अशा व्यक्तीच्या सदऱ्यावर किंवा टोपीवर घामाच्या मिठाचे पांढरे पट्टे दिसतात. पहिल्या प्रकारावर उपाय मुख्यतः तयारीचा; दुसऱ्यासाठी तयारीबरोबरच पाणी व मीठ या दोन्हींची भरपाई आवश्यक असते.

तयारी : सर्वांत खात्रीचा उपाय

ज्या गतीची, ज्या चढाची किंवा जितक्या वेळेची स्नायूंना सवय नाही, ती एकाच दिवशी त्यांच्यावर लादली गेली की पेटके येतात. ज्यांना पूर्वी पेटके आले आहेत, आणि जे सरावापेक्षा अधिक वेगाने स्पर्धेत धावतात, त्यांना ते पुन्हा येण्याचा संभव अधिक असतो. कोणत्याही पेयापेक्षा अथवा गोळीपेक्षा हे लक्षात ठेवणे अधिक हिताचे आहे.

पोलीस व सैन्यदलाच्या भरतीची तयारी करणाऱ्या तरुण-तरुणींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांसाठी १६०० मीटर व महिला उमेदवारांसाठी ८०० मीटर धावणे असते. हे अंतर फार मोठे नाही. परंतु ते पूर्ण वेगाने धावावे लागते आणि त्यासाठी पुष्कळ उमेदवार जाहिरात निघाल्यानंतरच मैदानावर उतरतात. पहिल्याच आठवड्यात रोज पूर्ण अंतर पूर्ण वेगाने धावण्याचा हट्ट धरला जातो. पोटऱ्या धरतात, मांडीचा मागचा स्नायू ओढला जातो आणि हाती असलेल्या थोड्या दिवसांतील कित्येक दिवस वाया जातात. त्याऐवजी आरंभी सावकाश धावणे व चालणे आलटून पालटून करावे. एकूण अंतर दर आठवड्याला थोडे थोडे, ढोबळ मानाने मागील आठवड्याच्या एक-दशांशाने वाढवावे. तीन-चार आठवड्यांनी पाया तयार झाला की आठवड्यातून दोन दिवस वेगाचा सराव करावा आणि त्या दोन दिवसांमध्ये किमान एक दिवस हलका ठेवावा. परीक्षेच्या दिवशी ज्या गतीने धावावयाचे, ती गती स्नायूंना त्याआधी अनेकदा परिचित झालेली असावी. परीक्षेच्या आदल्या दोन दिवसांत मात्र दमविणारा सराव करू नये.

केवळ धावण्याने पोटऱ्या बळकट होत नाहीत. त्यासाठी घरच्या घरी करता येण्याजोगा एक व्यायाम आहे. पायरीच्या कडेवर दोन्ही चवडे टेकवून, भिंतीचा वा कठड्याचा आधार घेऊन उभे राहावे. टाचा हळूहळू उचलाव्यात, क्षणभर थांबावे आणि तितक्याच हळू त्या पायरीच्या पातळीखाली नेाव्यात. असे दहा ते पंधरा वेळा, दोन किंवा तीन फेऱ्यांत, एक दिवसाआड करावे. याला उठाबशांची जोड दिल्यास मांड्याही तयार होतात. आपल्या आखाड्यांतील जोर-बैठका या दृष्टीने उत्तम आहेत. त्याही थोड्या संख्येपासूनच वाढवाव्यात. पुष्कळ दिवसांच्या खंडानंतर एकदम शेकड्यांनी बैठका काढणे धोक्याचे असते. त्याचे कारण पुढे दिले आहे.

व्यायाम वा खेळ सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे अंग मोकळे करावे : प्रथम भरभर चालणे, मग हलके धावणे, गुडघे उचलणे, पाय पुढे-मागे झुलविणे. थंड पहाटे हे अधिक आवश्यक ठरते. खेळापूर्वी एकाच जागी उभे राहून स्नायू दीर्घकाळ ताणून धरल्याने पेटके टळतात, असे खात्रीने म्हणता येत नाही. व्यायाम संपल्यानंतर मात्र पोटरी व मांडी प्रत्येकी अर्धा मिनिट हळुवार ताणावी. ज्यांना रात्री पेटके येतात त्यांनी झोपण्यापूर्वीही हे करून पाहावे.

रिकाम्या पोटी दीर्घ श्रम केल्यास स्नायूंतील साठविलेली साखर लवकर संपते व थकवा लवकर येतो. श्रमापूर्वी दोन-तीन तास आधी भाकरी, पोळी, भात, पोहे यांसारखे नेहमीचे अन्न घ्यावे. सकाळी लवकर निघावयाचे असल्यास एखादे केळे किंवा गूळ-शेंगदाणे पुरेसे आहेत. केळ्यातील पोटॅशियममुळे पेटके थांबतात असे अनेकांना वाटते. वस्तुतः घामातून पोटॅशियम थोडेच जाते, आणि खाल्लेल्या केळ्यातील पोटॅशियम रक्तात पोहोचेपर्यंत पेटके केव्हाच ओसरलेले असतात. केळे खावे ते पोषणासाठी. निर्जळी उपवास वा रोजा असताना जड व्यायाम टाळावा. काम टाळता येणे शक्य नसेल तर ते दिवसाच्या थंड वेळी करावे.

पदयात्रेला किंवा डोंगरावरील तीर्थस्थानाला जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. वारकऱ्यांना आळंदी वा देहूपासून पंढरपूरपर्यंत अनेक दिवस चालावे लागते. त्यांतील पुष्कळांचे वय साठीपुढचे असते. निघण्यापूर्वी किमान महिनाभर रोज चालण्याचा सराव करावा व तो थोडा थोडा वाढवावा. नवी पादत्राणे प्रवासाच्या दिवशी प्रथमच घालू नयेत. चढापेक्षा उतार सोपा वाटतो, परंतु उतरताना मांडीच्या पुढील स्नायूंवर मोठा भार पडतो. तेव्हा उतारावरही विसाव्यासाठी थांबावे.

काय प्यावे आणि किती?

एक लिटर घामाबरोबर शरीरातून साधारण एक ते चार ग्रॅम मीठ निघून जाते. हे प्रमाण व्यक्तीगणिक बदलते. जड कामात, उष्ण व दमट हवेत, तासाला एक लिटरहून अधिक घाम येऊ शकतो. तासाभराच्या साध्या व्यायामासाठी मात्र साधे पाणी पुरेसे असते. त्यासाठी मीठ किंवा बाजारातील रंगीत पेये घेण्याची आवश्यकता नाही.

आपणास किती पाण्याची गरज आहे हे जाणण्याचा एक सोपा मार्ग आहे. व्यायामापूर्वी व व्यायामानंतर, घाम पुसून, तेच किंवा तितकेच हलके कपडे घालून वजन करावे. एक किलो वजन घटले असेल तर सुमारे एक लिटर पाणी कमी पडले असे समजावे. घट शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक, म्हणजे ६० किलोच्या माणसात सव्वा किलोच्या आसपास असेल, तर पुढील वेळी अधिक पाणी घ्यावे. उलट वजन वाढले असेल, तर आपण गरजेपेक्षा अधिक पाणी प्यालो आहोत. वजनकाटा नसल्यास लघवीचा रंग पाहावा. तो फिकट पिवळा असणे चांगले. गडद पिवळा असल्यास पाणी कमी पडत आहे. (बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांची लघवी एरवीही गर्द पिवळी होते, त्यामुळे त्यांना ही खूण उपयोगी पडत नाही.)

अनेक तास घाम गाळणाऱ्यांनी केवळ साधे पाणी भराभर पिणे धोक्याचे आहे. रक्तातील सोडियम त्यामुळे पातळ होते आणि डोकेदुखी, मळमळ, उलट्या, गोंधळल्यासारखे होणे, पुढे झटके येणे इथपर्यंत मजल जाऊ शकते. दोन तासांहून अधिक काळ उन्हात श्रम असतील तर पाण्याबरोबर मीठ घातलेले ताक, भाताची पेज, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा पन्हे घ्यावे, आणि जेवण चुकवू नये. ही आपल्या घराघरांतील पेये महागड्या पेयांपेक्षा कमी प्रतीची नाहीत.

उष्म्याच्या पेटक्यांसाठी जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएस, उपयुक्त आहे. एक लिटरसाठी असलेले पाकीट पूर्णपणे एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावे. अर्धे पाकीट ग्लासात टाकून अंदाजाने पिऊ नये. लहान पाकिटावर पाण्याचे जे प्रमाण छापलेले असेल ते पाळावे. तयार द्रावण २४ तासांच्या आत संपवावे, उरल्यास टाकून द्यावे. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून द्रावण करावे. त्याची चव अश्रूंपेक्षा अधिक खारट लागता कामा नये. दुकानात जलसंजीवनीसारखी भासणारी गोड पेयेही मिळतात. त्यांत साखर फार व क्षार कमी असू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनविल्याचा उल्लेख वेष्टनावर आहे याची खात्री करूनच पाकीट घ्यावे.

मिठाच्या गोळ्या किंवा चमचाभर कोरडे मीठ खाऊ नये. त्यामुळे मळमळ व उलटी होते. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी जादा मीठ, जलसंजीवनी अथवा जादा पाणी घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. निरोगी माणसानेही घाम न गाळता रोजच्या जेवणात मीठ वाढविण्याचे कारण नाही. दिवसाकाठी एकूण पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ हीच मर्यादा आहे. दारू पिऊन श्रम वा व्यायाम करू नये. दारूने लघवी वाढते आणि उष्म्याची जाणीव बोथट होते.

उन्हात राबणाऱ्यांसाठी आणि त्यांना काम देणाऱ्यांसाठी

शरीराला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातील मिठाचे प्रमाण घटते. सवय झालेला मजूर ज्या कामाने थकत नाही, त्याच कामाने गावाहून नुकताच आलेला किंवा आजारातून उठलेला मजूर कोसळू शकतो. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्श्याइतकाच वेळ उन्हातील जड काम द्यावे व ते रोज तितक्याच प्रमाणात वाढवावे. जुन्या कामगारालाही आठवडाभराच्या रजेनंतर एकदम पूर्ण भार देऊ नये. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ३ या वेळेत उन्हातील जड काम थांबवावे, सावलीत विसाव्याची जागा ठेवावी आणि पाणी कामाच्या जागेजवळ असावे. पिण्याचे पाणी दूर असेल तर मजूर ते कमी पितो, हे सांगण्यासाठी कोणत्याही अभ्यासाची गरज नाही.

एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर स्वच्छतागृह नसल्यामुळे अनेक स्त्रिया दिवसभर जाणूनबुजून पाणी पीत नाहीत. त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगून काहीच साधत नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छ व आडोशाचे शौचालय असणे हा उष्म्याचे विकार टाळण्याचाच एक भाग आहे, आणि ती जबाबदारी काम देणाऱ्याची आहे.

पेटके आलेच तर

काम वा खेळ तात्काळ थांबवावा. आखडलेला स्नायू सावकाश ताणावा आणि वीस ते तीस सेकंद तसाच धरावा. सैल न झाल्यास पुन्हा करावे. झटका देऊ नये.

पोटरी धरली असेल तर खाली बसून गुडघा सरळ करावा व पायाची बोटे हाताने किंवा पंचाच्या साहाय्याने आपल्याकडे ओढावीत. आपणच नडगीकडील स्नायूंच्या जोराने पाऊल वर उचलल्यास पोटरी सैल होण्यास मदत होते. मांडीची मागील बाजू आखडल्यास उताणे झोपून गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलावा. पुढील बाजू आखडल्यास आधार धरून उभे राहावे, गुडघा दुमडावा आणि टाच नितंबाकडे न्यावी. तळपाय आखडल्यास बोटे वर वळवावीत किंवा त्या पावलावर भार देऊन उभे राहावे.

मैदानावर खेळाडू खाली पडला की सहकारी त्याच्या पोटरीवर गुडघ्याने दाब देतात, मुठीने ठोकतात किंवा उलट दिशेला पाऊल ओढतात. यामुळे स्नायूला इजा होऊ शकते. ताण दिल्यानंतर हलक्या हाताने चोळणे पुरेसे आहे. नंतर दुखत राहिल्यास कोमट पाण्याने शेकावे. वेदना थांबताच पुन्हा पूर्ण वेगाने धावू नये. प्रथम चालून पाहावे आणि पुन्हा पेटके आल्यास त्या दिवसाचा खेळ तेथेच संपवावा.

उष्म्याच्या पेटक्यांत याशिवाय रुग्णास सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंग ओल्या कापडाने पुसून वारा घालावा आणि जलसंजीवनी घोट घोट पाजावी. त्यानंतर निदान काही तास पुन्हा उन्हातील कामास लावू नये. एका तासात आराम न पडल्यास वैद्यकीय मदत घ्यावी.

पाण्यात असताना पेटके आल्यास घाबरून हातपाय मारू नयेत. लांब श्वास घ्यावा, पाठीवर तरंगावे, मदतीसाठी हाक मारावी आणि तरंगतच एका हाताने पायाची बोटे आपल्याकडे ओढावीत. पेटके सुटल्यावर तो पाय न वापरता हातांच्या बळावर काठाकडे यावे. काठावरील व्यक्तीने स्वतः उडी टाकण्यापूर्वी दोर, काठी, साडी, फुगविलेली रबरी ट्यूब किंवा झाकण लावलेली रिकामी घागर बुडणाऱ्याकडे टाकावी. थकलेल्या अंगाने, एकट्याने, विहीर, तलाव वा नदीत पोहावयास जाऊ नये.

औषधांविषयी

श्रमातील पेटक्यांसाठी बहुतेकांना कोणत्याही औषधाची गरज नसते. मॅग्नेशियमच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. परंतु वयस्क व्यक्तींच्या पेटक्यांवर त्यांचा म्हणण्याजोगा उपयोग होत असल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही. क्विनीन हे हिवतापावरील औषध काही ठिकाणी रात्रीच्या पेटक्यांसाठी दिले जाते. रक्तातील बिंबिका कमी होणे, हृदयाची लय बिघडणे असे गंभीर दुष्परिणाम त्यामुळे होऊ शकतात. ते स्वतःहून कधीही घेऊ नये. लोणच्याच्या पाण्याने पेटके थांबतात ही बातमी अनेकांनी ऐकली असेल. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ते प्यायल्यावर पेटके लवकर ओसरले खरे, आणि तेही ते पाणी शरीरात शोषले जाण्यापूर्वीच. आंबट चवीमुळे घशातून निघणारा संदेश स्नायूला सैल करीत असावा, असा संशोधकांचा तर्क होता. मात्र ते मिठाच्या व शिरक्याच्या पाण्यात मुरविलेल्या काकडीचे पाणी होते. आपल्याकडील तेल-तिखटाच्या लोणच्याशी त्याचा संबंध नाही.

भरतीच्या मैदानाभोवती ‘दम वाढविणारी’ म्हणून विकली जाणारी इंजेक्शने, गोळ्या किंवा चूर्णे घेऊ नयेत. याउलट, डॉक्टरांनी दिलेली औषधे पेटक्यांच्या भीतीने परस्पर बंद करू नयेत. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन औषधे आणि दम्याची काही औषधे यांमुळे पेटके वाढू शकतात; तसे वाटल्यास आपल्या गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांना भेटावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

फारसे श्रम न करता वारंवार पेटके येत असतील, ते आठवड्यागणिक वाढत असतील, त्यांच्यासोबत अशक्तपणा, मुंग्या वा बधिरपणा असेल, किंवा तोंडाभोवती मुंग्या येऊन हाताची बोटे वळत असतील, तर तपासणी करून घ्यावी. थायरॉइडचे विकार, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार व कॅल्शियमची कमतरता यांत असे होते. गर्भवती स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, रात्री पोटरीत गोळे येणे सामान्य आहे. तरीही आशा कार्यकर्तीला किंवा आरोग्य सेविकेला त्याची कल्पना द्यावी.

ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी दुखणे, थांबल्यावर थोड्याच वेळात बरे वाटणे आणि पुन्हा तितकेच चालल्यावर पुन्हा दुखणे, हे पेटके नव्हेत. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची ती खूण असू शकते. तंबाखू, विडी वा सिगारेट यांचे सेवन करणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी ती गांभीर्याने घ्यावी. एकच पोटरी सुजली, गरम व लालसर झाली आणि दुखणे सतत राहिले, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा पायाला चोळू नये व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

सवय नसताना केलेल्या अति व्यायामानंतर एक-दोन दिवसांत स्नायू फार सुजले, हातपाय उचलेनासे झाले आणि लघवी काळपट चहासारखी किंवा तांबूस-तपकिरी होऊ लागली, तर स्नायूंचे तंतू फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरली आहेत असे समजावे. यामुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. एकदम काढलेल्या शेकडो बैठका धोक्याच्या म्हटल्या त्या यासाठीच. अशा वेळी वेदनाशामक गोळ्या घेऊन घरी थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे.

पेटक्यांबरोबर रुग्ण असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला, झटके आले, शुद्ध हरपली किंवा अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात आहे. घाम येत असला तरीही तो उष्माघात असू शकतो. रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. रुग्णास सावलीत आडवे करावे, अंगावर भरपूर थंड पाणी ओतावे, जोरात वारा घालावा, मान, काख व जांघेत बर्फ किंवा गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हे चालू ठेवावे. शुद्धीत नसलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. जलसंजीवनीची पाकिटे नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात किंवा आशा कार्यकर्तीकडे मागावीत.